दिवाळीच्या पाडव्याची दुरुस्ती गुढीपाडव्यापर्यंत तरी बसवा

प्रति,
महाराष्ट्रातले लहानमोठे इंटरनेट पुरवठादार, जिल्ह्याजिल्ह्यातले केबलचालक, आणि त्यांच्या एनओसीत (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कक्षात) रात्रपाळी करणारे सगळे

स. न. वि. वि.

गेल्या दिवाळीत पाडवा २२ ऑक्टोबरला आला. बायकोनं ओवाळलं, मी ताटात ओवाळणी टाकली आणि फराळाला हात घालतोय तोवर मोबाईलवर सूचना आली. इंटरनेटवरच्या नावांचे पत्ते सांगणाऱ्या बाइंड ९ या सॉफ्टवेअरमध्ये तीन दोष सापडले होते आणि तिन्हींची दुरुस्ती त्याच दिवशी बाहेर पडली होती. त्यातले दोन कॅश पॉयझनिंगचे, म्हणजे साठवलेल्या पत्त्यांत खोटा पत्ता घुसवू देणारे. करंजी हातात तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी, भाऊबिजेला, मी आमच्या पुरवठादाराला सविस्तर मेल लिहिला. कोणता दोष, कोणत्या आवृत्त्यांना लागतो, दुरुस्ती कुठं मिळते, सगळं. आठ दिवसांनी एसएमएस आला, ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.’ मी त्यांच्या सर्व्हरला पुन्हा विचारून पाहिलं. आवृत्ती तीच. फोन केला तेव्हा पलीकडून समजावणीच्या सुरात उत्तर आलं, “साहेब, नेट चालतंय ना? चालतंय त्याला हात लावायचा नाही, असं वरनं सांगितलंय.”

त्या ‘वरच्यां’साठी हे पत्र आहे. आमचा पुरवठादार कोण ते मी लिहिणार नाही, कारण गेली वीस वर्षं मी याच धंद्यात आहे आणि हेच वाक्य मी किमान चार जिल्ह्यांत ऐकलंय. आता संक्रांत होऊन गेली. दुरुस्ती बसलेली नाही.

हे पत्र उघडं आहे, तेव्हा जे या धंद्यातले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एसटी स्टँडवर चौकशीची खिडकी असते. कोल्हापूर गाडी कुठं लागणार, असं विचारलं की आतला माणूस फलाट सांगतो आणि आपण बॅग उचलून चालू लागतो. गाडीवरची पाटी नंतर बघतो. नेम सर्व्हर हा तो खिडकीतला माणूस. तुम्ही बँकेचं नाव टाकता, तो त्या नावाचा आकडी पत्ता सांगतो. त्याला स्वतःला सगळं पाठ नसतं. तो आत विचारतो, मिळालेलं उत्तर वहीत लिहून ठेवतो आणि पुढच्या हजार जणांना वहीतूनच वाचून दाखवतो. ही वही म्हणजे कॅश. तिच्यात एकदा खोटा फलाट लिहिला गेला की पुढचे हजारही जण भलत्याच गाडीत. त्यांनी काही चुकीचं टाइप केलेलं नसतं, कुठल्या फसव्या लिंकवर बोट ठेवलेलं नसतं. बाइंड म्हणजे त्या खिडकीतल्या माणसाचं सगळ्यात जुनं आणि अजूनही खूप ठिकाणी चालणारं रूप. १९८० च्या दशकात बर्कलीच्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ते लिहायला घेतलं. आज आयएससी नावाची ना-नफा संस्था ते सांभाळते आणि फुकट देते.

माझा यात संबंध काय, तेही सांगतो. मी विट्याच्या बाजूला एका छोट्या सहकारी बँकेचं आणि दोन पतसंस्थांचं नेटवर्क बघतो. आमच्याकडच्या घरटी नाही तरी गल्लीगणिक एक माणूस गलाईच्या धंद्यात आहे. सोनं-चांदी गाळायला आमची माणसं देशभर पांगली आहेत. तिकडून पैसा इकडच्या खात्यात येतो, इकडे आईवडील, शेती, घराचं बांधकाम, पोरांच्या फिया. त्या खात्यांकडे जाणारी वाट तुमच्या नेम सर्व्हरवरून जाते. मुख्य कचेरीत मी स्वतःचा अनबाउंड, म्हणजे बाइंडसारखाच दुसरा फुकट नेम सर्व्हर, बसवलाय. त्यालाही त्याच पाडव्याला, त्याच जातकुळीच्या चुकीसाठी दुरुस्ती आली आणि जेवण व्हायच्या आत ती बसवून झाली. पण शाखा तुमच्या लाइनवर आहेत. खातेदारांची घरं तर आहेतच.

आणि वेळ कशी बघा. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी ७ फेब्रुवारी २०२५ ला जाहीर केलं, की बँकांनी आता ‘बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली यायचं. २२ एप्रिलच्या परिपत्रकानं ३१ ऑक्टोबरची मुदत घातली. नोंदणी करायची ती हैदराबादच्या आयडीआरबीटी या बँकिंग तंत्रज्ञानाच्या संस्थेकडेच, म्हणजे कुणीही उठून बँकेच्या नावाचा पत्ता घेऊ नये. योजना चांगली आहे. आम्ही संचालक मंडळाचा ठराव केला, कागदपत्रं पाठवली, चेकबुकावरचा पत्ता बदलला, शाखेशाखेत फलक लावले: ‘हाच आपल्या बँकेचा खरा पत्ता, दुसऱ्या कुठल्याही पत्त्यावर विश्वास ठेवू नका.’ आता पाडवा २२ तारखेला आणि मुदत ३१ तारखेला. ज्या नऊ दिवसांत आम्ही लोकांना खरं नाव पाठ करून घेत होतो, त्याच नऊ दिवसांत खऱ्या नावाला खोटा आकडा जोडता येईल अशी फट तुमच्या सर्व्हरात उघडी होती. आजही आहे.

ही फट नवीन नाही, याचंच जास्त वाईट वाटतं. २००८ साली डॅन कामिन्स्की या अमेरिकन संशोधकानं ती जगाला दाखवली होती. नेम सर्व्हर बाहेर प्रश्न पाठवतो तेव्हा त्यावर एक क्रमांक घालतो. जे उत्तर तोच क्रमांक घेऊन पहिलं येईल ते खरं मानतो. क्रमांक ६५,५३६ पैकी एक. चोरानं खऱ्या उत्तराच्या आधी हजारो खोटी उत्तरं फेकली तर एखादी जुळूही शकते. पण नाही जुळली तर खरं उत्तर वहीत जाऊन बसतं आणि त्याची मुदत संपेपर्यंत चोराला थांबावं लागतं. लोक म्हणायचे, एवढं कोण थांबतंय. कामिन्स्कीनं ओळखलं की थांबायची गरजच नाही. बँकेच्या नावाखाली अस्तित्वातच नसलेली नावं विचारत सुटायचं, एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. प्रत्येक नाव नवं, म्हणून प्रत्येक वेळी नवी शर्यत. आणि खोट्या उत्तरात हळूच एक ओळ घुसवायची, की या अख्ख्या बँकेची चौकशी यापुढे अमुक ठिकाणी करा. एक शर्यत जिंकली की अख्खी बँक हातात.

त्यानं ते चव्हाट्यावर मांडलं नाही. ३१ मार्च २००८ ला मायक्रोसॉफ्टच्या आवारात सोळा जण गुपचूप बसले आणि ८ जुलैला सगळ्या मोठ्या उत्पादकांनी एकाच दिवशी दुरुस्ती काढली. उपाय साधा होता: प्रश्न दर वेळी वेगळ्या पोर्टवरून (सर्व्हरच्या वेगळ्या क्रमांकाच्या दारातून) पाठवायचा, म्हणजे चोराला क्रमांकाबरोबर पोर्टही ओळखावा लागेल. ६५ हजारांतला अंदाज एकदम ४०० कोटींच्या घरात गेला. डॅनियल बर्नस्टीन नावाचे गणिती हे कितीतरी आधीपासून सांगत होते आणि त्यांनी स्वतःच्या सॉफ्टवेअरात ते केलंही होतं, हे जाता जाता नोंदवतो. बारकावे २१ जुलैला फुटले. महिना संपायच्या आत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात एका मोठ्या फोन कंपनीच्या नेम सर्व्हरात खोटा पत्ता शिरलेला सापडला. दुरुस्ती तीन आठवड्यांपूर्वीच आलेली होती.

आता २०२५ च्या पाडव्याचे दोन दोष बघा. एकात बाइंड उत्तरासोबत आलेल्या, न मागितलेल्या नोंदी नको तितक्या भोळेपणानं वहीत उतरवून घेत होतं. दुसऱ्यात यादृच्छिक आकडे काढणारी यंत्रणा कच्ची निघाली, म्हणजे पुढचा पोर्ट आणि पुढचा क्रमांक यांचा अंदाज बांधता येत होता. सतरा वर्षांपूर्वी घातलेलं कुलूपच ढिलं निघालं. चुका होतात. लाखो ओळींच्या प्रोग्राममध्ये होणारच. लिहिणाऱ्यांनी त्या कबूल केल्या, दुरुस्त केल्या, फुकट वाटल्या. त्यांच्याशी माझं भांडण नाही.

भांडण तुमच्याशी आहे. तक्रारी एकेक मांडतो.

पहिली, आणि सगळ्यात मोठी. तुमचे सर्व्हर वारसाहक्कानं चाललेत. आमच्या पुरवठादाराच्या नेम सर्व्हरला आवृत्ती विचारली तर उत्तर येतं ९.११.४, आणि शेवटी ‘ईएल७’ असं शेपूट. जाणकारांना शेपटावरून जनावर कळतं: सर्व्हरखालची ऑपरेटिंग सिस्टीम (ओएस) सेंटओएस ७ आहे. त्याचा आधार ३० जून २०२४ ला संपला. मला कुणीतरी लगेच सांगेल, की नुसता आवृत्तीचा आकडा बघून बोलू नये, सेंटओएस ज्यातलं आहे त्या रेड हॅटच्या घराण्यात जुन्याच आकड्याखाली नव्या दुरुस्त्या शिवून देतात. मान्य आहे, बरोबर आहे, मी स्वतः शिकाऊ पोरांना हेच सांगतो. पण शिवणारा शिंपीच जून २०२४ ला दुकान बंद करून गेला. ऑक्टोबर २०२५ चं ठिगळ तिथं कोण लावणार? पाडव्याच्या दोन दोषांपैकी पोर्टचा अंदाज बांधू देणारा दोष ९.१६ पासून पुढच्या आवृत्त्यांचा आहे, म्हणजे म्हातारपणानं तुम्ही त्यातून सुटलात. न मागितलेल्या नोंदींचा दोष मात्र ९.११ पासून लागतो. त्यात तुम्ही आहात.

यातलाच पोटभाग म्हणजे कॉन्फिगरेशनच्या फायली. एकानं २००४ साली लिहिली, दुसऱ्यानं कॉपी केली, तिसऱ्यानं त्यात आपला आयपी घातला. मी एका ठिकाणी अशी फाईल पाहिली, की तिच्यात सगळे प्रश्न ५३ क्रमांकाच्या एकाच पोर्टवरून पाठवायची सक्त ताकीद होती. कोणे एके काळी फायरवॉलला सोपं जावं म्हणून कुणीतरी ती ओळ घातली असणार. म्हणजे सॉफ्टवेअर कितीही नवं घाला, ती एक ओळ तुम्हाला थेट २००८ च्या जुलैआधी नेऊन सोडते. ती मी काढायला लावली तेव्हा तिथला माणूस म्हणाला, “ती ओळ काढली तर काय बंद पडंल?” काहीच बंद पडलं नाही.

दुसरी तक्रार रीस्टार्टच्या स्क्रिप्टची. मागच्या पावसाळ्यात एका सोमवारी सकाळी आमच्या दोन शाखांत सगळं ठप्प झालं. दहा वाजून वीस मिनिटांनी गेलं ते एकच्या सुमारास आलं. खिडकीसमोर रांग, पेन्शनच्या बायका, कॅशियर सगळ्यांना ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढंच सांगतोय. तुमच्या कॉल सेंटरनं सांगितलं फायबर ओके आहे, लिंक अप आहे, पिंग (जोडणी तपासायचा संदेश) जातोय. आकड्यावर पिंग जाणारच हो, नावावर जात नव्हता! अडीच तास हे ऐकल्यावर रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या एका मुलानं मला खरं सांगितलं. नेम सर्व्हरची प्रक्रिया अधूनमधून मरते. म्हणून दर पाच मिनिटांनी ती जिवंत आहे का बघून पुन्हा उठवणारी स्क्रिप्ट लावून ठेवलीय, आणि त्या दिवशी स्क्रिप्टच अडकली.

आता बाइंडचा स्वभाव ज्याला माहीत आहे त्याच्या अंगावर हे ऐकून काटा येईल. आत काहीतरी अशक्य घडलेलं दिसलं, की चुकीचं उत्तर देत बसण्यापेक्षा हा प्रोग्राम मुद्दाम स्वतःला संपवतो. तो मरतो म्हणजे तो ओरडतोय. जुलै २०१५ मध्ये टीकी (TKEY) नावाच्या एका क्वचित लागणाऱ्या नोंदीवरून असाच दोष निघाला होता. बाहेरून एकच पॅकेट टाकलं की बाइंड ९ ची जवळपास कुठलीही आवृत्ती जागेवर आडवी. तुमची प्रक्रिया रात्री-अपरात्री का मरते, हे कुणी लॉगमध्ये बघितलं का? बघितलं असतं तर स्क्रिप्ट लागली नसती. घरात धुराचा भोंगा वाजतोय आणि तुम्ही दर पाच मिनिटांनी त्याचं बटण दाबायला माणूस ठेवलाय.

तिसरी तक्रार पडताळणीची. १५ जुलै २०१० पासून इंटरनेटच्या मूळ नामावलीवर डिजिटल सही आहे. डीएनएसएसईसी म्हणतात ती हीच व्यवस्था. नावाच्या मालकानं नोंदींवर सही करायची आणि नेम सर्व्हरनं ती तपासायची. तपासणारा जागा असेल तर खोटा फलाट वहीत चढणं फार अवघड होतं. पण आमच्याकडे ती तपासणी बंद आहे. का बंद, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये या तपासणीतला कीट्रॅप नावाचा दोष आला होता म्हणून! कीट्रॅप खराच भयंकर होता. जर्मनीतल्या अथेने या संशोधन केंद्राच्या लोकांनी दाखवलं, की १९९९ सालच्या मानकातच अशी सूचना होती, की सही जुळेपर्यंत मिळतील तेवढ्या किल्ल्या लावून बघा. चोरानं ढीगभर किल्ल्या आणि ढीगभर कुलपं एकाच पॅकेटात पाठवली की बिचारा नेम सर्व्हर लावतच बसतो. बाइंड सोळा तासांपर्यंत अडकलेलं त्यांनी मोजलं. तपासणीच बंद केली की कीट्रॅप लागत नाही, हे खरं. पण १३ फेब्रुवारी २०२४ ला प्रकरण जाहीर झालं त्याच दिवशी दुरुस्तीही आली होती. तात्पुरती म्हणून काढलेली कडी तुम्ही पुन्हा लावलीच नाही. उद्या आमच्या बँकेनं आपल्या नावावर कितीही पक्की सही केली तरी तुमच्या दारात ती वाचणारा कुणी नाही.

चौथी, घरातल्या डब्याची. ग्राहकाच्या भिंतीवर तुम्ही ठोकलेला जो ओएनटी (फायबरचा मोडेम) किंवा वायफायचा डबा असतो, त्याच्या पोटात बहुतेक वेळा डीएनएसमास्क नावाचा छोटा नेम सर्व्हर असतो. सायमन केली या एका माणसानं लिहिलेला आणि जगभर पसरलेला. ऑक्टोबर २०१७ मध्ये गूगलच्या लोकांनी त्यात सात दोष काढले, जानेवारी २०२१ मध्ये इस्रायलच्या जेएसओएफ या कंपनीनं आणखी सात. त्या दुसऱ्या सातांतली गंमत अशी, की हा छोटा नेम सर्व्हर एका वेळी जास्तीत जास्त ६४ पोर्टच वापरत होता आणि कुठल्या पोर्टवरून विचारलं होतं याचा हिशेबही सैल होता. म्हणजे ४०० कोटींतला अंदाज पुन्हा आवाक्यात आला. २.८३ आवृत्तीत हे मिटलं. माझ्या सासुरवाडीला २०२३ साली नवा म्हणून लावलेल्या डब्यात २.७ च्या घरातली आवृत्ती आहे. ग्राहकाला त्या डब्याचा पासवर्ड तुम्ही देत नाही, दूरस्थ चावी तुमच्याकडेच असते. ठीक आहे, ठेवा. पण चावी ज्याच्याकडे त्यानं घर झाडावं ना.

पाचवी. वैतागून एखादा ग्राहक दुसरा कुठला सार्वजनिक नेम सर्व्हर लावतो, तर तुमच्यातले काही जण तो प्रश्न वाटेत अडवून स्वतःच्याच सर्व्हरकडे वळवतात. संकेतस्थळं बंद करायचे सरकारी आदेश पाळायला हे सोपं पडतं, मला कळतं. पण मग ‘आमचा आवडत नसेल तर दुसरा लावा’ असं फोनवर सांगू नका.

सहावी एका वाक्याची आहे: तुमचे कितीतरी नेम सर्व्हर अख्ख्या जगाच्या प्रश्नांना उत्तरं देत बसलेत, आणि मार्च २०१३ मध्ये स्पॅम रोखणाऱ्या स्पॅमहाउस संस्थेवर सेकंदाला ३०० गिगाबिटच्या आसपासचा जो लोंढा सोडला गेला तो अशाच उघड्या सर्व्हरांच्या पाठीवरून गेला होता.

आता तुमची बाजू. ती मला ठाऊक नाही असं समजू नका. ‘सी’ वर्गाचा परवाना घेतलेल्या जिल्ह्यातल्या पुरवठादाराकडे माणसं किती? एक खांबावर, एक वसुलीला, एक फोनवर. पाऊस पडला की फायबर तुटणार, रस्त्याचं काम निघालं की जेसीबी लाइन उपटणार. महिन्याच्या चारशे रुपयांत ग्राहकाला सगळं पाहिजे आणि तेही दोन महिन्यांनी. त्यात कुणी माझ्यासारखा येऊन आवृत्त्यांचे आकडे वाचून दाखवायला लागला तर डोकं फिरणारच. म्हणून मी तुम्हाला महागडं काही घ्या म्हणत नाही. बाइंड फुकट, अनबाउंड फुकट, त्यांच्या दुरुस्त्या फुकट. दोन नेम सर्व्हर असतात ते यासाठीच, की एक रात्री दोन वाजता खाली घ्यावा, नवा करावा, तपासावा, मग दुसरा. अर्ध्या तासाचं काम. पहिल्या वेळी, जुनं ओएस बदलायचं असेल तर दोन रात्री धरा.

आणखी एक उत्तर मला नेहमी मिळतं: बँकेच्या साइटला कुलूप असतं, पत्ता खोटा निघाला तर ब्राउझर ओरडेल, मग कशाला काळजी? ओरडेल, खरं आहे, आणि त्यामुळेच बरंच वाचतं. पण मेलचं काय? आमच्या बँकेला येणारा मेल कुठल्या सर्व्हरला पोचवायचा हेही नेम सर्व्हरच सांगतो, आणि तिथं ओरडणारा ब्राउझर नसतो. सर्व्हर आडवाच पडला तर कुलूप काय करणार? शिवाय ब्राउझर ओरडला की ‘पुढे जा’ दाबायचं, असं आपणच लोकांना शिकवलंय. सरकारी कचेऱ्यांच्या मुदत संपलेल्या प्रमाणपत्रांवर वर्षानुवर्षं हीच तालीम झाली.

घाई का, तेही सांगतो. २००१ च्या जानेवारीत, २९ तारखेला, बाइंड ८ मधल्या एका मोठ्या दोषाची दुरुस्ती जाहीर झाली. मार्चमध्ये लायन नावाचा किडा तोच दोष धरून सर्व्हरमागून सर्व्हर खात सुटला. दोन महिने मिळाले होते. जुलै २०२० मध्ये विंडोजच्या नेम सर्व्हरात सिगरेड नावाचा दोष सापडला, सतरा वर्षं आत बसलेला, धोक्याच्या मोजपट्टीवर दहापैकी दहा. १४ तारखेला दुरुस्ती आली आणि १६ तारखेला अमेरिकी सरकारनं आपल्या खात्यांना चोवीस तासांत उपाय करायचा हुकूम दिला. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घटना घडली की सहा तासांत कळवा, लॉग १८० दिवस ठेवा असं सांगितलं. घर फुटल्यावर सहा तासांत वर्दी द्यायची हे त्यात आहे. दाराची तुटलेली कडी किती दिवसांत बसवायची, तो आकडा त्या निर्देशांत नाही. तो आकडा तुम्ही स्वतःहून जाहीर करावा, असं माझं म्हणणं आहे.

मागण्या अशा.

तुमच्या ग्राहकांच्या नेम सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर आणि त्याखालची ओएस, दोन्हींना आज उत्पादकाचा आधार आहे की नाही, एवढं ‘हो’ किंवा ‘नाही’ तुमच्या संकेतस्थळावर लिहा. आवृत्ती लिहू नका, चोराला कशाला मदत. नुसतं हो किंवा नाही.

बाहेरून वापरता येणारा गंभीर दोष जाहीर झाला की सात दिवसांत दुरुस्ती बसेल, असं लेखी द्या. सात दिवस मी तुमच्या खांबावरच्या माणसाचा विचार करून म्हणतोय.

सहीची पडताळणी पुन्हा चालू करा. नेम सर्व्हर फक्त तुमच्या ग्राहकांपुरता ठेवा. एकाच पोर्टला बांधणारी ओळ फाइलीत असेल तर आज रात्री काढा, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

भिंतीवरच्या डब्यांचं फर्मवेअर वर्षातून दोनदा तरी तपासा, आणि ज्या डब्यांना उत्पादक दुरुस्ती देतच नाही ते बदलायची मुदत ग्राहकाला सांगा. हे खर्चाचं आहे, मला माहीत आहे. एकदम सगळे बदला असं मी म्हणत नाही. नवे लावताना तरी जुने लावू नका.

आणि एक मेल पत्ता द्या, जो माणूस वाचतो. दोष सांगणाऱ्याला ‘निवारण झाले’चा एसएमएस पाठवणाऱ्या यंत्राकडे पाठवू नका.

सहकारी बँकांच्या आणि पतसंस्थांच्या संचालकांनाही एक विनंती. पुढच्या वेळी लाइनचा करार सही करताना स्पीडच्या खाली हा सात दिवसांचा मुद्दा घालायला लावा. आमच्या मंडळानं नूतनीकरणाच्या मसुद्यात तो घातलाय. समोरून अजून उत्तर नाही.

गुढीपाडवा १९ मार्च २०२६ ला आहे. दिवाळीच्या पाडव्यापासून जवळपास पाच महिने होतील. त्या संध्याकाळी मी आमच्या शाखांतून तुमच्या नेम सर्व्हरला पुन्हा तोच प्रश्न विचारणार आहे, आणि आधार आहे की नाही एवढं उत्तर संचालक मंडळापुढे ठेवणार आहे.

कळावे.

आपला,
वीस वर्षांचा ग्राहक, आणि तुमच्याच धंद्यातला

ता. क. : स्क्रिप्टबद्दल ज्या मुलानं मला सांगितलं तो कोण, हे शोधत बसू नका. त्यानं आधी तुम्हालाच सांगितलं होतं. दोनदा.